पहिल्या वर्षाची खोली चिठ्ठीनंच मिळावी

नोटीस बोर्डावर यादी लागली तेव्हा आम्ही दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून उभ्या होतो. शाळेपासूनची माझी मैत्रीण आणि मी. अर्जात आम्ही एकमेकींचीच नावं लिहिली होती आणि खिडकीला कुठल्या रंगाचा पडदा लावायचा इथपर्यंत बेत झाले होते. यादीत तिचं नाव दुसऱ्या मजल्यावर निघालं, माझं तळमजल्यावर, आणि माझ्या नावाशेजारी एक अगदी अनोळखी नाव. रेक्टरबाई एवढंच म्हणाल्या, "पहिल्या वर्षाला आम्ही चिठ्ठ्या टाकतो. सहा आठवडे राहून बघा. नाहीच जमलं तर या." त्या रात्री घरी फोन करून मी पोटभर रडले.

हे आठवायचं कारण म्हणजे निवासी महाविद्यालयांतून चिठ्ठीची ही पद्धत आता हळूहळू हद्दपार होऊ लागली आहे. प्रवेश पक्का झाला की मुलं समाजमाध्यमांवरच्या गटांत एकमेकांना शोधतात, फोटो बघतात, आवडीनिवडी विचारतात आणि राहायला येण्याआधीच खोलीतला पार्टनर ठरवून मोकळी होतात. काही ठिकाणी तर विद्यापीठंच त्यासाठी ॲप देतात. किती वाजता झोपता, खोली किती नीटनेटकी लागते, पाहुणे आलेले चालतात का, अशी प्रश्नावली भरायची आणि जुळणाऱ्या नावांतून एक निवडायचं. पालकांना हे बरं वाटतं, कार्यालयाचं काम सोपं होतं. माझं मत याच्या विरुद्ध आहे. पहिल्या वर्षी कोण कुणाबरोबर राहणार हे मुलांनीही ठरवू नये, पालकांनीही नाही आणि ॲपनं तर नाहीच. ते चिठ्ठीनं ठरावं. निवासी कॉलेजात जपण्यासारखी एकच परंपरा निवडा असं मला कुणी म्हटलं, तर झगे, मेजवान्या, घोषणा हे सगळं बाजूला ठेवून मी ही चिठ्ठी निवडेन.

निवासी कॉलेज म्हणजे नुसती झोपायची सोय नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. ऑक्सफर्डचं मर्टन कॉलेज १२६४ सालचं, केंब्रिजचं पीटरहाऊस १२८४चं. शिकणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी एका आवारात राहायचं, एका दालनात जेवायचं, ही या संस्थांच्या मुळाशी असलेली गोष्ट. पण एका आवारात राहिल्यानं माणसं आपोआप मिसळत नाहीत. हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते अमेरिकेतल्या हार्वर्डच्या इतिहासात.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डमधली श्रीमंत घरची मुलं विद्यापीठाच्या खोल्यांत राहतच नसत. आवाराजवळच्या एका रस्त्यावर त्यांच्यासाठी खासगी, ऐषारामी इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्या भागाला 'गोल्ड कोस्ट' म्हणत. साधारण ऐपतीची मुलं विद्यापीठाच्या जुन्या, गैरसोयीच्या खोल्यांत. वर्ग एकच, प्राध्यापक तेच, पण संध्याकाळ झाली की दोन वेगळी गावं. तेव्हाचे अध्यक्ष ॲबट लॉरेन्स लॉवेल यांना हे खटकत होतं. एडवर्ड हार्कनेस या दानशूर माणसाच्या पैशातून १९३० साली तिथं 'हाऊस' पद्धत, म्हणजे मुलांनी विद्यापीठाच्याच मोठ्या निवासी इमारतींत एकत्र राहायची पद्धत, सुरू झाली आणि त्याच हार्कनेसच्या देणगीतून १९३३ साली येल विद्यापीठातली निवासी कॉलेजं उघडली. हेतू उघड होता. गरीब-श्रीमंत, गावचा-शहरचा, खेळाडू-पुस्तकी अशी सगळी मुलं एका छताखाली यावीत.

मात्र याच लॉवेल यांनी पहिल्या वर्षाच्या वसतिगृहांत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना राहायला बंदी केली होती. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि १९२३ साली विद्यापीठाच्या नियामक मंडळानं ती बंदी उठवली. मिसळण्याचा एवढा आग्रह धरणाऱ्या माणसानंही आपल्या मनात कुंपण घातलेलं होतंच. म्हणून मला वाटतं, कुणी कुणाबरोबर राहावं हा निर्णय एखाद्या भल्या माणसाच्या हातीसुद्धा सोपवू नये. चिठ्ठीला मन नसतं, हा तिचा मोठा गुण आहे.

पुढं काय झालं तेही पाहण्यासारखं आहे. हाऊस कुठलं हवं याची पसंती विद्यार्थ्यांना देता येऊ लागली आणि काही दशकांत प्रत्येक हाऊसवर शिक्का बसला. एक कलावंतांचं, एक खेळाडूंचं, एक जुन्या खानदानी घराण्यांचं. गोल्ड कोस्ट मोडायला बांधलेल्या इमारतींतच नव्या वाड्या वसल्या. कुणाचा वाईट हेतू नव्हता. प्रत्येकानं आपल्यासारख्यांच्या जवळ राहायला मागितलं, एवढंच. शेवटी १९९०च्या दशकाच्या मध्यात हार्वर्डनं पसंती बंद केली आणि मित्रांचा छोटा गट करून हाऊस मात्र चिठ्ठीनं, असा नियम केला. विद्यार्थ्यांचा विरोध झाला, तो होणारच होता. येलनं त्याच्या कितीतरी आधी, १९६०च्या दशकातच, मुलं दाखल होण्यापूर्वीच त्यांना कॉलेज वाटून द्यायला सुरुवात केली होती. आणि २०१८ साली ड्यूक विद्यापीठानं जाहीर केलं की पहिल्या वर्षाच्या मुलांना यापुढे पार्टनर निवडता येणार नाही. कारण हेच, की समाजमाध्यमांवरून आधीच जोड्या ठरवून येणाऱ्यांचं प्रमाण वाढत चाललं होतं आणि सारखी पार्श्वभूमी असलेली मुलं एकत्र गोळा होत होती.

'निवडीचं स्वातंत्र्य' हा शब्द इथं फार सहज वापरला जातो. सतरा-अठरा वर्षांचं मूल दोन फोटो आणि चार ओळींवरून कुणाला निवडतं? ज्याची भाषा, कपडे, गाणी, सुट्टीत जाण्याची ठिकाणं आपल्यासारखी आहेत त्याला. यात त्याचा दोष नाही. अनोळखी ठिकाणी जाताना ओळखीचं काहीतरी हाताशी असावं असं कुणालाही वाटतं. पण ज्यांच्याकडे दाखवण्यासारखे फोटो नाहीत, ज्यांना त्या गटांत कुणी जोडलंच नाही, ज्यांच्या घरातलं कुणीच कधी विद्यापीठात गेलेलं नाही, ती मुलं या बाजारात कुणाच्याच पसंतीला उतरत नाहीत. मग उरलेल्यांना उरलेल्यांबरोबर टाकलं जातं. कॉलेजचा पहिला दिवस उजाडण्याआधीच त्यांना आपली जागा कळून चुकते.

माझ्या त्या अनोळखी पार्टनरबद्दल आता सांगते. ती रात्री नऊला झोपायची आणि पहाटे चारला उठायची. मी बरोबर उलटी. पहिल्या आठवड्यात आम्ही एकमेकींशी धड बोललोही नाही. एका रात्री मी दिवा लावून वाचत बसले होते. ती उठली, जुन्या वहीचा पुठ्ठा काढला, मधोमध दुमडला आणि माझ्या टेबललॅम्पला अशा बेतानं अडकवला की उजेड फक्त माझ्या पुस्तकावर पडावा. काही न बोलता परत जाऊन झोपली. तो पुठ्ठा वर्षभर तिथंच होता. उष्णतेनं त्याची एक कड तपकिरी झाली, तेव्हा तिनं दुसरा कापून लावला.

तिची शिष्यवृत्ती टर्म सुरू होऊन चार महिने झाल्यावर जमा झाली. तोवर ती उशीखालच्या एका छोट्या वहीत रोजचा खर्च लिहायची आणि ग्रंथालयातून एका वेळी एकच पुस्तक आणायची, कारण दुसऱ्यासाठी जादा अनामत लागायची. फीच्या नोटिशीत शेवटी एक ओळ असते, मुदतीनंतर भरल्यास दंड. मी ती नोटीस दर टर्मला हातात घेत होते आणि ती ओळ मला कधी दिसलीच नव्हती. तिच्या शेजारी राहिल्यावर दिसली. आम्ही जिवलग मैत्रिणी झालो असं मी लिहिणार नाही, कारण तसं झालं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही वेगवेगळ्या खोल्या घेतल्या आणि पुढे बोलणंही तुरळक झालं. पण नंतर नोकरीत पैशांच्या, मुदतीच्या, सवलतीच्या नियमांचा कागद पुढ्यात आला की मी शेवटची ओळ आधी वाचते. ही सवय मला कुठल्या तासाला लागली नाही.

हा झाला माझ्या एकटीचा अनुभव, आणि एकीच्या अनुभवावर धोरण आखता येत नाही. सुदैवानं चिठ्ठीनं खोल्या देणाऱ्या विद्यापीठांमुळे संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला आहे. कोण कुणाबरोबर राहील हे योगायोगानं ठरलं असेल, तर पुढं पडलेला फरक सहवासाचा, हे बऱ्याच खात्रीनं म्हणता येतं. ब्रूस सॅसरडोट यांनी डार्टमथ कॉलेजमधल्या अशा जोड्यांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला. पार्टनरचा परिणाम गुणांवर आणि कुठल्या मंडळात सामील व्हायचं यावर दिसला, पदवीचा विषय निवडण्यावर मात्र दिसला नाही. केपटाऊन विद्यापीठाच्या वसतिगृहांतला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. वर्णभेदाच्या राजवटीच्या खुणा जिथं अजून ताज्या आहेत, तिथं योगायोगानं एका खोलीत आलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचं काय होतं हे त्यात पाहिलं गेलं. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या मनातले कृष्णवर्णीयांबद्दलचे पूर्वग्रह कमी झाले. मिश्र खोल्यांतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण सुधारले आणि त्यांच्यातले जास्त जण शिक्षणात टिकून राहिले.

आता दुसरी बाजू. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या २००८ सालच्या अभ्यासात आढळलं की ज्या गोऱ्या विद्यार्थ्यांचे पार्टनर कृष्णवर्णीय होते, ते आपल्या पार्टनरबद्दल कमी समाधानी होते आणि त्यांच्याबरोबर वेळही कमी घालवत होते. पण त्याच काळात त्यांच्या मनातला नकळत असलेला आकस मात्र कमी होत गेला. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचावे लागतात. मुलं खूश नव्हती आणि तरीही बदलत होती. विद्यापीठ जर दर टर्मच्या शेवटी फक्त 'तुम्ही खोलीबद्दल समाधानी आहात का' एवढंच विचारत असेल, तर चिठ्ठी प्रत्येक वेळी हरेल. कपड्यांच्या दुकानानं गिऱ्हाइकाला जे विचारावं ते शिक्षणसंस्थेनं विद्यार्थ्याला विचारून भागत नाही.

यावरचा एक आक्षेप मला खरोखर अस्वस्थ करतो. मिसळण्याची किंमत कोण मोजतं? संख्येनं कमी असलेल्या गटातल्या मुलाला रोज स्वतःच्या खोलीतसुद्धा आपलं आडनाव, आपला उच्चार, आपली प्रार्थना समजावून सांगत बसावं लागलं, तर ती खोली राहत नाही, शिकवणी होते. समोरच्याचे पूर्वग्रह घालवण्यासाठी त्याला साधन म्हणून वापरलं जातं. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. केपटाऊनच्या निष्कर्षांनी मला थोडा धीर दिला, कारण तिथं फायदा दोन्ही बाजूंना झालेला दिसला. पण उत्तराचा मोठा भाग गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ सालीच देऊन ठेवला आहे. माणसं नुसती जवळ आली की पूर्वग्रह जातात असं त्यानं म्हटलंच नाही. दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट सामाईक हवं, ते गाठायला एकमेकांची मदत लागायला हवी आणि वरच्या अधिकाऱ्यांचा या मिसळण्याला स्पष्ट पाठिंबा हवा.

या चार अटी वसतिगृहाला लावून पाहाव्यात. एकाच खोलीतल्या दोन कॉट, दोन टेबलं, दोन कपाटं सारखी आहेत का? ऐपतीप्रमाणे खोलीचं भाडं बदलत असेल तर चिठ्ठी हे सोंग ठरतं, कारण महागड्या खोल्यांच्या चिठ्ठ्यांत महागडीच नावं असतात. अपमान झाला तर रेक्टर त्याच दिवशी दार ठोठावतात की 'आपसात मिटवा' म्हणतात? चिठ्ठी टाकून हात झटकणारं कॉलेज मुलांना वाऱ्यावर सोडतं. त्यापेक्षा त्यांना निवडू दिलेलं बरं, असं मी स्पष्टच म्हणेन.

आणि सवलती हव्यातच. अपंग विद्यार्थी, आजारपणामुळे वेगळी व्यवस्था लागणारे, ट्रान्स विद्यार्थी, पूर्वी छळ सोसलेले, यांना आधी विचारून, त्यांच्या सोयीनं जागा मिळावी आणि कारण चार लोकांत सांगावं लागू नये. बाकीच्यांनाही सहा आठवड्यांनंतर खोली बदलून मागण्याचा हक्क असावा, चौकशी न करता. आमच्या वसतिगृहात तो होता. माझ्या मैत्रिणीनं तो वापरलाही आणि तिचं बरोबर होतं.

चिठ्ठीचा मुद्दा परंपरांच्या वादाशी कसा जोडलेला आहे हे मला उशिरा उमगलं. निवासी कॉलेजांत परंपरेच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. मर्टन कॉलेजात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे, घड्याळं एक तास मागे घेतली जातात तेव्हा, विद्यार्थी पदवीचे झगे घालून हातात मद्याचे पेले घेऊन चौकात उलटे चालत फेऱ्या मारतात. सातशेहून अधिक वर्षांच्या कॉलेजातली ही प्रथा फक्त १९७१ सालची आहे. ज्याला यायचं तो येतो, न येणाऱ्याचं काही बिघडत नाही, आणि नव्याजुन्या सगळ्यांना सारखंच उलटं चालावं लागतं. अशी प्रथा मला मनापासून आवडते.

दुसऱ्या प्रकारची परंपरा म्हणजे नव्यानं आलेल्याला वाकवणं. रॅगिंग म्हणा, हेझिंग म्हणा, नावं देशागणिक बदलतात. सीनियरांचं ठरलेलं समर्थन असं, की 'आम्हीही सोसलं, त्यामुळेच आमच्यात घट्ट नातं तयार झालं.' नातं तयार झाल्यासारखं वाटतं, हे खरं आहे, आणि का वाटतं तेही माहीत आहे. एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांनी १९५९ साली दाखवून दिलं की गटात शिरण्यासाठी जास्त अवघड आणि लाजिरवाण्या परीक्षेतून जावं लागलेल्यांना तोच कंटाळवाणा गट इतरांपेक्षा जास्त चांगला वाटतो. एवढं सोसलं ते फुकट गेलं हे मनाला मान्य करवत नाही. ते नातं माणसाशी नसतं, आपल्याच सोसण्याशी असतं. आणि पुढच्या वर्षी ते सोसणं दुसऱ्या कुणाच्या तरी माथी मारलं जातं.

चिठ्ठी हीसुद्धा सक्तीच आहे, मग फरक काय, असं मला एका चर्चेत विचारलं गेलं होतं. फरक हा, की चिठ्ठी सगळ्यांवर सारखी पडते. कुलगुरूंच्या पुतण्यावर आणि सफाई कामगाराच्या मुलीवर सारखीच. रॅगिंग फक्त सगळ्यात नव्या, सगळ्यात एकट्या असलेल्यावर पडतं. चिठ्ठीनंतर कुणी कुणाचं देणं लागत नाही. रॅगिंगनंतर प्रत्येक जण वसुलीला बसलेला असतो. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांत नव्या विद्यार्थ्यांना शक्यतो वेगळ्या इमारतीत ठेवावं असं म्हटलं आहे. ते केवळ संरक्षणासाठी आहे असं मानलं जातं, पण चिठ्ठीसाठीही ते योग्य आहे. पहिल्या वर्षाची मुलं आपापसांत समान असतात. चिठ्ठी समानांमध्येच टाकायची असते.

जुन्या विद्यार्थ्यांचा परंपरेवरचा जीव मी समजू शकते, पण तो जीव कधी कुणाला दाराबाहेर ठेवतो याचं भान हवं. केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात १९८८ साली पहिल्यांदा मुली दाखल झाल्या तेव्हा तिथल्या काही मुलांनी दंडाला काळ्या फिती बांधल्या होत्या आणि कॉलेजचा झेंडा अर्ध्यावर उतरवला होता. ज्यांना ते आपलं घर बुडाल्यासारखं वाटलं, त्यांनी ते घर कधी अनोळखी माणसाबरोबर वाटून घेतलंच नव्हतं.

म्हणून कॉलेजांनी आपल्या प्रवेश अर्जाचा कागद काढून पाहावा. त्यात 'कुणाबरोबर राहण्याची इच्छा आहे' असा रकाना असेल तर पहिल्या वर्षासाठी तो खोडावा, दुसऱ्या वर्षापासून खुशाल ठेवावा. झोपण्याच्या वेळा आणि धूम्रपान हे दोन प्रश्न विचारायला हरकत नाही, बाकीची प्रश्नावली नको. चिठ्ठ्या विद्यार्थी प्रतिनिधींच्या समोर काढाव्यात, म्हणजे कुणाचा वशिला लागला ही कुजबुज राहणार नाही. पहिले सहा आठवडे प्रत्येक मजल्यावर रात्री एक जबाबदार मोठं माणूस हजर असावं. आणि नावं महिनाभर आधी कळवू नयेत. ती आधी कळली की मुलं एकमेकांचे फोटो शोधून काढतात, घरचे आडनाव विचारतात आणि दाराची कडी उघडायच्या आधीच खोली बदलून मागणारे अर्ज येतात. यादी मुलं सामान घेऊन पोचतील त्याच सकाळी लावावी, नोटीस बोर्डावर, सगळ्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत.